विहीर सामाईक, जमीन विकली गेली – मग पाण्यावर हक्क कुणाचा?

शिवारातली:
नमस्कार मंडळी. इथे शेतीवाले आहेत आणि कायद्यातलं कळणारेही आहेत म्हणून विचारते. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ यांनी मिळून १९६४ च्या आसपास विहीर पाडली, ५५ फूट, दगडी बांधकाम, मोटेचं थारोळं अजून शाबूत आहे. पुढे वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीचा तुकडा थोरल्या घराकडे गेला आणि पाणी निम्मं निम्मं ठरलं. सोम-मंगळ-बुध आमची पाळी, गुरु-शुक्र-शनि त्यांची, रविवार आलटून पालटून. एवढ्या वर्षांत भाऊबंदकीची बाकी सगळी भांडणं झाली पण पाळी कधी कुणी मोडली नाही. लग्नकार्य असलं की एक दिवस उसना द्यायचा आणि नंतर फेडायचा, असं चालायचं.

वडील २०१९ ला गेले. साडेतीन एकर आता आई बघते, मी पुण्यात नोकरीला. मागच्या दिवाळीत चुलत भावाने विहिरीचा तुकडा बाहेरच्या माणसाला विकला, आम्हाला कळलं ते खरेदी झाल्यावर. नवीन मालकाने जानेवारीत तारेचं कंपाउंड घातलं आणि आमची पाइपलाइन आतून जाते म्हणून कापून टाकली. कापलेल्या पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधलेली, आईने त्याचा फोटो पाठवला आणि खाली एक अक्षर लिहिलं नाही. कांदा तेव्हा ७० दिवसांचा होता, पोसायची वेळ.

तो माणूस आवाज चढवून बोलत नाही, हेही सांगते. म्हणतो, खरेदीखतात विहिरीसकट जमीन लिहिली आहे, पैसे मोजलेत, तुमचा हक्क असेल तर कागद दाखवा. ऑनलाइन सातबारा काढला तर 'इतर हक्क' या रकान्यात विहिरीबद्दल काहीच नाही.

जमीन विकली म्हणजे आमचं पाणीपण विकलं गेलं का?

माणदेशी:
ताई, आधी आईंच्या कांद्याची सोय करा. शेजारून पाणी मिळत असेल तर तासावर घ्या, चार पैसे जातील. कायद्याचं मागून बघू. ७० दिवसांच्या कांद्याला ताण बसला तर गोल्टीच, म्हणजे बारका कांदाच निघतो.

शिवारातली:
@माणदेशी, पलीकडच्या काकांनी आठवड्याला दोन रात्री दिल्या, पैसेही घेतले नाहीत. तरी निम्मा कांदा गेलाच.

बांधावरचा:
जरा दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. मी स्वतः असा घेणारा होतो. २०१६ मध्ये दोन एकर घेतली, सातबारा कोरा, सर्च रिपोर्ट घेतला, आयुष्यभराची पुंजी लावली. पहिल्याच उन्हाळ्यात शेजारचे आजोबा बॅटरी घेऊन पहाटे मोटर चालू करायला हजर, म्हणे आज आमची पाळी. मला वाटलं दादागिरी चालली आहे. विकणाऱ्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. म्हणजे फसवणूक तुमचीही झाली आणि कदाचित त्या माणसाचीही. त्याला एकदम खलनायक करू नका.

चिंगी:
पण पाइप कापायचा? उभ्या पिकाचा? विचारायची पद्धत असते की नाही?

बांधावरचा:
@चिंगी, ते चुकलंच, त्यात दुमत नाही. मी कापला नव्हता. आजोबांना चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन जुने उतारे काढले. निघाली नोंद.

काळाकोट:
वकिली करतो, बहुतेक दिवाणी आणि महसुली कामं. कागद न बघता छातीठोक सांगणार नाही, पण तुमच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर: नाही, तुमचं पाणी विकलं गेलेलं नाही. ज्याच्याकडे निम्मी विहीर तो निम्मीच विकू शकतो, खरेदीखतात त्याने अख्खी लिहून दिली तरी.

आता मुख्य गोष्ट, इथेच लोक घोटाळा करतात. तुमचा हक्क कसला आहे हे आधी ठरवा. विहीर दोन्ही भावांनी मिळून पाडली आणि वाटणीत निम्मा हिस्सा राखला, तर तुम्ही सहमालक आहात. जमीन कुणाच्या गटात आहे याने तो हिस्सा बुडत नाही. दुसऱ्या प्रकारात विहीर पूर्णपणे दुसऱ्याची असते आणि तुम्ही वर्षानुवर्षं पाणी घेत आलात म्हणून हक्क तयार होतो, तो १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातला. त्याला २० वर्षं उघडपणे, अखंड, हक्काने वापर दाखवावा लागतो. 'हक्काने' म्हणजे परवानगी मागून घेतलेलं पाणी त्यात धरत नाहीत. आणि अडवल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. तुमची केस पहिल्या प्रकारातली दिसते, ती जास्त भक्कम.

तातडीचं म्हणजे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ (मामलेदार म्हणजे आजचा तहसीलदार). शेतीसाठी विहीर, तळं, पाट यांचं पाणी वापरत असलेल्याला कायदेशीर मार्गाने न जाता कुणी बंद केलं, तर कलम ५ खाली तहसीलदार ते पुन्हा चालू करून देऊ शकतो. मुदत फक्त ६ महिने. जानेवारीत पाइप कापला म्हणता, आता एप्रिल चालू आहे. जूनच्या आत अर्ज पडलाच पाहिजे. "आधी गावात मिटवून बघू" म्हणत दोन पावसाळे घालवलेले लोक रोज बघतो, मग हातात फक्त दिवाणी दावा उरतो आणि तो किती वर्षं चालेल ते सांगायला नको.

पाइपलाइनचं प्रकरण वेगळं. दुसऱ्याच्या शेतातून पाणी न्यायचं असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ४९ आहे, तिथेही अर्ज तहसीलदाराकडेच. जमिनीखालून पाइप असेल तर किमान अर्धा मीटर खोल, आणि शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान होईल अशा बाजूने.

नमुना_आठ:
वकीलसाहेबांनी बरोबर सांगितलं. मी महसुलात ३१ वर्षं काढली, कागद कुठे मिळतील तेवढं सांगतो.

ऑनलाइन सातबारा कोरा आहे म्हणून घाबरू नका. हस्तलिखितावरून संगणकावर घेताना इतर हक्कातल्या पुष्कळ नोंदी उतरायच्या राहिल्या. आमच्याच हाताखाली झालंय ते, वाईट वाटतं. तुम्ही वाटपाचा फेरफार, म्हणजे वाटणीची महसुली नोंद काढा. दोन्ही गटांचे हस्तलिखित सातबारे काढा, विहिरीच्या गटाचाही आणि तुमच्याही. तुमच्या गटाच्या जुन्या पीकपाहणीत म्हणजे नमुना १२ मध्ये 'जलसिंचनाचे साधन' असा रकाना असतो, तिथे 'विहीर' लिहिलेलं असेल आणि तुमच्या गटात विहीरच नसेल तर ते पाणी आलं कुठून? हा साधा प्रश्न अधिकाऱ्यासमोर फार काम करतो.

वडिलांच्या नावाने शेतीपंपाचं वीज कनेक्शन असेलच. त्याचं पहिलं कोटेशन, जुनी बिलं, सामाईक विहिरीवर कनेक्शन घेताना दिलेलं चुलत्यांचं संमतीपत्र. त्या संमतीपत्रात बहुतेक वेळा हिस्सा स्पष्ट लिहिलेला असतो. घरातली पत्र्याची पेटी उपसा.

नोंद सापडली की संहितेच्या कलम १५५ खाली लेखनचूक दुरुस्तीचा अर्ज द्या.

शिवारातली:
@काळाकोट, @नमुना_आठ, किती आभार मानू. ६ महिन्यांचं आम्हाला कुणीच बोललं नव्हतं, गावात सगळे म्हणत होते पावसाळा होऊ द्या, मग बसू. पेटी आईकडेच आहे. शनिवारी जाते.

माणदेशी:
आता थोडं कडू बोलतो. समजा ताईंना निम्मा हिस्सा मिळाला. उद्या त्या माणसाने विहिरीपासून ३० फुटांवर ४०० फूट बोअर मारलं तर? आमच्याकडे हेच झालं. सामाईक विहीर, चार भावांच्या पाळ्या, एकाने स्वतःच्या वाट्यात बोअर घेतलं, दुसऱ्या वर्षी विहीर फेब्रुवारीत तळाला. पाळी अजून आहे, सातबाऱ्यावर नोंदसुद्धा आहे, विहिरीत पाणी नाही. कोर्टात जाऊन विचारलं तर म्हणाले त्याची जमीन, त्याचं बोअर.

काळाकोट:
@माणदेशी, दुखरी नस पकडलीत. १८८२ च्याच कायद्यात म्हटलंय की ठरलेल्या प्रवाहाने न वाहणारं, जमिनीखाली झिरपणारं पाणी ज्याची जमीन त्याने आपल्या हद्दीत उपसावं. तेव्हा मोट होती हो, बैल किती उपसणार? सबमर्सिबल आल्यावरही नियम तोच राहिला. मला विचाराल तर आपल्या पाण्याच्या कायद्यातलं सगळ्यात मोठं भगदाड हेच.

पूर्ण मोकळं रान मात्र नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही, हे १९९३ पासून आहे. नंतर २००९ चा भूजल कायदा आला, २०१४ ला लागू झाला, त्यात अधिसूचित क्षेत्रात खोल विहिरींवर बंधन आहे, खोल म्हणजे ६० मीटर, आपले साधारण २०० फूट. पण रात्री गाडी येते आणि सकाळी जाते, तिला अडवायला गावच जागं असावं लागतं.

नमुना_आठ:
गाव जागं असेल तर होतं. हिवरे बाजार ताईंच्या जिल्ह्यातलंच. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ग्रामसभेने ठरवलं आणि पाळलं. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात.

तापीकाठ:
आमच्या खान्देशात पाण्याचा हक्क एकट्याचा नव्हताच कधी. पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर फड पद्धत होती, काही शे वर्षं जुनी, काही ठिकाणी अजून धुगधुगी आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालचं शिवार फडांत वाटलेलं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाणी एकदम सोडता येतं. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, शेतमालकाने दाराला हात लावायचा नाही, राखणीला जागल्या, पावसाळ्याआधी गाळ काढायला घरटी माणूस. माझे पणजोबा पाटकरी होते. स्वतःच्या सख्ख्या भावाचं वावर शेवटी भिजवायचे म्हणे, कुणी बोट दाखवू नये म्हणून.

मुक्काम_डेन्व्हर:
मूळचा सोलापूरचा, १४ वर्षं कोलोरॅडोत. इथे पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसतो, वेगळी मालमत्ता असते, वेगळी विकता येते. आणि क्रम तारखेवर. ज्याने आधी पाणी वापरायला घेतलं त्याचा हक्क वरचा. दुष्काळ पडला तर आधीच्या तारखेवाल्याला पूर्ण पाणी आणि नंतरच्याला थेंब नाही, तो नदीकाठी राहत असला तरी. आपल्याकडे टंचाईत सगळ्यांनी थोडं थोडं कमी घ्यायचं अशी निदान भावना तरी असते, इथे तसं नाही.

गंमत ऐका, छपरावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवायला इथे सर्वसाधारण घरांना परवानगी २०१६ ला मिळाली. तीही दोन पिंपं, दोन्ही मिळून ११० गॅलन, म्हणजे ४१६ लिटरच्या आसपास. कारण तो पाऊसही खाली कुणाच्यातरी हक्काचा!

चिंगी:
पागोळीखाली बादली ठेवली तर दंड?? आमच्या आजीला अख्खा जन्म आत बसावं लागलं असतं 😄

माणदेशी:
@मुक्काम_डेन्व्हर, जमिनीपासून पाणी वेगळं काढायची गोष्ट आपल्याकडेही झाली आहे, पण नेमकी उलट्या हेतूने. पुरंदरमधलं नायगाव, विलासराव साळुंखे, पाणी पंचायत. १९७२ च्या दुष्काळानंतर त्यांनी काम उभं केलं. पाणी जमिनीवर नाही, माणसावर वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, मग तुमची जमीन ५० एकर का असेना. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. माझे वडील तिथे जाऊन बघून आले होते, घरी येऊन दोन दिवस त्याच गोष्टी. माझ्या मते महाराष्ट्रात पाण्याच्या हक्काबद्दल यापेक्षा न्यायाचं कुणी काही मांडलेलं नाही. कायद्यात मात्र ते आलं नाही, ही खंत आहे.

बांधावरचा:
उसाला एवढं झोडपू नका, त्या पैशावर आमच्या घरातली तीन पोरं शिकली. पण माणशी पाणी हा विचार पटतो. कालव्यावर निदान पाणी वापर संस्थांना २००५ च्या कायद्याने मोजून कोटा मिळतो. विहिरीला कोण मोजणार?

अनामिका७:
आमच्या सोसायटीत टँकरचे पैसे भाडेकरूने द्यायचे की मालकाने? इथे विचारलं तर चालेल ना?

चिंगी:
वेगळा धागा काढ गं, शंभर प्रतिसाद येतील तिथेही.

झाडीपट्टी:
मी गोंदियाकडची. आमच्याकडे विहिरीपेक्षा तलाव. माजी मालगुजारी तलाव म्हणतात, कोहळी लोकांनी बांधलेले, त्यावर धानशेती. मालगुजारी म्हणजे गावच्या जमीनदाराने सारा वसूल करायची पद्धत १९५१ ला गेली, तलाव सरकारजमा झाले, पण लोकांचे जुने हक्क निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात लिहिलेले आहेत. कुठल्या तलावाचं पाणी कुठल्या बांध्यांना, मासे कुणी धरायचे, गुरं कुठे पाजायची. विदर्भातल्या मंडळींनी तालुक्याला जाऊन आपल्या गावचा वाजिब-उल-अर्ज जरूर मागावा. माझ्या भावाने काढला तेव्हा त्यात आमच्या बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं नाव होतं, आता ते नाव गावात कुणीही घेत नाही. कागदाने लक्षात ठेवलं, आम्ही विसरलो.

सावित्रीकाठ:
धागा सकाळपासून वाचतोय. कागदाची एवढी चर्चा चालली आहे तर आमच्या महाडची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही.

१९२३ ला समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क आला. पाणी मात्र कुणी घेऊ देईना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, त्यानंतर लोकांना मार खावा लागला, तळं 'शुद्ध' केलं गेलं, आणि वर सवर्णांनीच कोर्टात दावा लावला की अस्पृश्यांनी इथे पाणी न घेण्याची अनादि काळापासूनची रूढी आहे. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाने सांगितलं की अशी रूढी सिद्ध होत नाही. दहा वर्षं.

माझी आजी तळ्याच्या पायऱ्यांवर आम्हाला बसवायची आणि ओंजळीत पाणी घ्यायला लावायची. प्यायचं नाही, नुसतं धरायचं. "गळू देऊ नको," म्हणायची. म्हणून ताई, तुमच्या आईंच्या हक्काचा कागद शोधा, जरूर शोधा, पण विहिरीवर जाणं सोडू नका. पाळीच्या दिवशी आईंनी तिथे जावं, दिसावं.

काळाकोट:
@सावित्रीकाठ, अंगावर काटा आला. कायद्यानेही तुमचा सल्ला बरोबर आहे. तहसीलदार वापर बघतो, आणि वापर सोडून दिला असं म्हणायला समोरच्याला जागा राहता कामा नये. भांडण करायचं नाही, फक्त जायचं, बरोबर एक माणूस न्यायचा.

शिवारातली:
दोन आठवड्यांनी लिहिते आहे, अपडेट द्यायचंच होतं.

पेटी उपसली. वरती रेशनकार्डं, वडिलांच्या शाळेचे दाखले, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, आणि तळाला वहीच्या पानात गुंडाळलेला वाटपाचा फेरफार, १९७८ चा. शाई तपकिरी झालीय. त्यात लिहिलंय, 'सदर विहिरीत निम्मे हिस्सा असून पाण्याची पाळी पूर्वीप्रमाणे राहील.' खाली आजोबांचा अंगठा आणि थोरल्या आजोबांची सही. पंपाचं संमतीपत्रही मिळालं. @नमुना_आठ काका, पीकपाहणीत अगदी तुम्ही म्हणालात तसंच, आमच्या गटात दरवर्षी 'विहीर'.

आई सोमवार-मंगळवार-बुधवार विहिरीवर जाऊन बसते. सोबत पलीकडच्या काकू. पहिल्या दिवशी नवीन मालक काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, कशाला बसता उन्हात. आई म्हणाली, आमची पाळी आहे.

मामलेदार कोर्टाचा अर्ज २२ तारखेला दिला, १५५ चाही दिला. आणि मग त्याच रविवारी तो माणूस स्वतः ओट्यावर आला, बायकोला घेऊन. फेरफाराची झेरॉक्स वाचली, दोनदा वाचली. चुलत भावाने त्याला सांगितलं होतं की आम्ही पुण्याला गेलो, शेती सोडली. @बांधावरचा, तुमचं बोलणं तेव्हा टोचलं होतं पण खरं निघालं. तो म्हणतो पाळी मान्य, फक्त पाइप कंपाउंडच्या मधून नको, बांधाच्या कडेने न्या, निम्मा खर्च देतो. चुलत भाऊ फोन उचलत नाही.

अर्ज मागे घेऊ का? आई म्हणते माणूस बरा दिसतोय.

काळाकोट:
अजिबात घेऊ नका. माणूस बरा असेलही, पण उद्या त्याने जमीन पुढे विकली तर तिसऱ्यासमोर परत पहिल्यापासून. तहसीलदारांसमोर दोघांनी तडजोड लिहून द्या, हुकूम त्याप्रमाणे होऊ दे. हिस्सा, पाळीचे वार, पाइपचा मार्ग, दुरुस्तीचा खर्च, गाळ काढायचा खर्च, सगळं. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि त्यावरून दोन्ही गटांच्या इतर हक्कात फेरफार ओढून घ्या.

माणदेशी:
आणि बोअरचं पण घाला त्यात. विहिरीपासून इतक्या फुटांत दोघांपैकी कुणीही बोअर घेणार नाही. आता तो ऐकतोय तोवर.

काळाकोट:
@माणदेशी, शंभर टक्के. कायदा अडवत नसला तरी दोघांनी राजीखुशीने बांधून घेतलेलं चालतं.

नमुना_आठ:
पाइप गाडताना अर्धा मीटर खोल आहे ना ते स्वतः उभं राहून मोजा. चर खणणारे फूटभर खणून माती लोटतात, मग नांगराचा फाळ लागतो आणि नवीन भांडण.

शिवारातली:
सगळं लिहून घेतलं. बोअरचं मी बोलते त्याच्याशी, बायको समजूतदार वाटली. मंगळवारी चर खणायला येणार आहेत, रजा टाकली आहे, टेप घेऊन जाते.